बाह्य इंधनटाक्या आणि विमानाचा प्रकार ओळखणे

एफ-१६ विमानाच्या पंखाखाली लटकणाऱ्या एका टाकीत ३७० गॅलन, म्हणजे सुमारे १,४०० लिटर इंधन मावते. पल्ला वाढतो, पण हवेचा रोधही वाढतो आणि शस्त्र टांगायची एक जागा अडते. गरज पडल्यास ही टाकी हवेतच सोडून देता येते. कन्फॉर्मल टाक्यांची जोडी मात्र धडाच्या पाठीवर, पंखांच्या मुळाशी चिकटून बसते. तिच्यामुळे रोध कमी वाढतो, टांगणीच्या जागा मोकळ्या राहतात. परंतु उड्डाणात ती टाकता येत नाही.

विद्यार्थी फसतात ते इथे. छायाचित्रात पाठीवर फुगवटे नाहीत, म्हणजे हे 'ब्लॉक ५२ प्लस' नव्हे, असे ते ठरवून टाकतात. पण या टाक्या जमिनीवर उतरवता येतात! त्या दिसल्या नाहीत, तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून कायमची रचना पाहावी. उभ्या शेपटीचे बूड रुंद व पुढे वाढवलेले असेल तर विमान ए-बी नव्हे, सी-डी गटातले. हवा आत घेणारे तोंड ब्लॉक ५० मध्ये मोठे, ब्लॉक ५२ मध्ये लहान. कारण दोघांची इंजिने वेगळी. इस्रायलच्या दोन आसनी एफ-१६आयच्या पाठीवर मधोमध जो लांब उंचवटा दिसतो, ती तर टाकीच नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणे असतात.