टॉवर नको, पण पेटंट हवं!

दोन फोन टॉवरला मध्ये न घेता एकमेकांमधलं अंतर काढतात. ५जी मानकाच्या रिलीज १८मध्ये आलेलं हे साइडलिंक पोझिशनिंग. सिग्नल गेला, उत्तर आलं, लागलेल्या वेळेवरून अंतर. रेडिओलहर एका नॅनोसेकंदातच सुमारे ३० सेंटीमीटर जाते, म्हणजे घड्याळ जरा चुकलं की मोजमाप बोंबललं!

भारतात याचं पेटंट मागताना खरी झटापट पेटंट कायद्याच्या कलम ३(के)शी. गणिती पद्धत आणि अल्गोरिदम यांना तिथे दार बंद. नुसतं अंतराचं सूत्र मांडलंत तर परीक्षक हमखास अडवणार. कोणता सिग्नल कधी पाठवला, त्याने चूक कशी घटली, हे दाखवा. मला तरी हे रास्त वाटतं.

आणि हो, १५ मार्च २०२४पासूनच्या अर्जांना परीक्षणाची विनंती अग्रक्रम तारखेपासून ४८ नव्हे, ३१ महिन्यांत करावी लागते.