गजाला लटकलेली अक्षरं

नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीला अडवणारा बंधारा आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात डोक्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, आत माणूस कोरडा उभा! सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं हे काम. तिथे फारसी शिलालेखही आहे. नदी थोपवणारी भिंत माणसांशी बोलते, हे केवढं विलक्षण!

याच सुलतानाच्या कबरीवर, विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात, कारागीर आणखी पुढे गेले. तिथल्या खिडक्यांत अक्षरं जाळीवर कोरलेली नाहीत. अक्षरं हीच जाळी. अरबी वळणांमधल्या मोकळ्या जागेतून उजेड आत येतो. दगडात एकही वळण सुटं ठेवता येत नाही, सुटलं की पडलं. म्हणून प्रत्येक अक्षर शेजारच्याला कुठेतरी धरून आहे.

आज जगभरातले कलाकार साध्या तारेच्या कुंपणात रंगीत पट्ट्या, दोरे ओवून मजकूर लिहितात. हे तिथे शोभतंही, कारण तारेची जाळी मुळात मागाचीच लेक: इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डनं १८४४ मध्ये जाळी विणायचं यंत्र केलं, तेच कापडाच्या मागावरून. पण मराठी लिहायला गेलं की ही जाळी अडते. तिची घरं शंकरपाळ्यासारखी. तिरप्या तारा हव्या तेवढ्या, आडवी एकही नाही. शिरोरेघ करवतीच्या दात्यांसारखी निघते.

तीच शिरोरेघ लोखंडी ग्रिलमध्ये मात्र वरदान ठरते. रोमन अक्षरं तळाच्या ओळीवर उभी राहतात, आपली वरच्या रेघेला लटकतात. फाटकाचा आडवा गज हीच शिरोरेघ मानली की वेल्डरनं सळी वाकवून खाली नुसते दांडे आणि गोलाया जोडायच्या. ‘धाराशिव’ लिहून पाहा. ‘ध’चं डोकं डावीकडे मोकळं, पण दांडा गजाला घट्ट. ‘शि’ची वेलांटी गजावरून कमान टाकते. एकही तुकडा अधांतरी राहत नाही. ‘परंडा’ आणि ‘कळंब’ला मात्र अनुस्वार आहे, आणि तो ठिपका हवेत थांबत नाही, त्याला खालच्या गजाशी जोडणारा बोटभर सळीचा देठ द्यावा लागतो.