फादरांना कोण सांगतं?

राखेच्या बुधवारी ख्रिस्ती माणसाच्या कपाळावर जी राख लागते, ती चुलीतली नसते. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघर वाळत ठेवलेल्या असतात. त्या परत देवळात आणायच्या, जाळायच्या, राख चाळायची आणि ओंजळभर राख वेदीपाशी ठेवायची. युरोपच्या थंड मुलखात, जिथे ताडमाड उगवतच नाहीत, तिथे झावळीच्या जागी विलोच्या डहाळ्या धरतात. आपल्या चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात ती अडचण नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्याच वाड्या. झावळी हवी तेवढी, फक्त ती उतरवायला माडावर चढणारा माणूस वेळेवर मिळाला पाहिजे.

रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरुडच्या वाटेला लागलं की कोर्लई येतं. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, तिच्यावर किल्ला, बाजूला दीपगृह आणि खाली गाव. गावातल्या ख्रिस्ती वस्तीचं देऊळ माउंट कार्मेल मातेचं. पोर्तुगीजांनी १५२१च्या सुमारास चौलला ठाण मांडलं, १५९४ साली निजामशाही फौजेकडून कोर्लईचा डोंगर घेतला आणि १७४०मध्ये मराठ्यांच्या हाती देऊन ते निघून गेले. मागे राहिली ती माणसं आणि त्यांची बोली. तिला ते नोलिंग म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्य मराठीसारखं, क्रियापद शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास.

अशा गावात प्रायश्चित्तकाळ सुरू होतो तेव्हा पुढची सगळी तयारी बहुधा एकाच धर्मगुरूच्या डोक्यावर असते. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत मोजले तर दिवस भरतात सेहेचाळीस. मधले सहा रविवार उपासातून वगळायचे, की उरतात चाळीस. या काळात प्रवचनं, शुक्रवारची क्रुसाची वाट, पापनिवेदनाच्या रांगा, गायनमंडळाच्या तालमी, पाय धुवायला बारा माणसं गोळा करणं, शिवाय मांडववाला. लोकांना फादर सांगतात. पण फादरांना कोण सांगतं?

सांगणारे बरेच आहेत. रायगड अजूनही मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो. १९९८ साली वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा खाडीपलीकडचा उत्तरेचा भाग तिकडे गेला; अलिबाग-मुरुडची बाजू मुंबईकडेच राहिली. पवित्र आठवड्यात महाधर्मप्रांतातले धर्मगुरू मुंबईला आर्चबिशपांच्या मिस्साला जमतात. तिथे तीन तेलं आशीर्वादित होतात: आजाऱ्यांचं, बाप्तिस्म्याच्या उमेदवारांचं आणि सुगंधी क्रिस्माचं. याच मिस्सात धर्मगुरू आपली व्रतवचनंही पुन्हा उच्चारतात. मग तेलाच्या कुप्या ज्याच्या त्याच्या धर्मग्रामात पोचतात आणि वर्षभर पुरवायच्या असतात. गावातल्या बाळाच्या टाळूला लागणारं तेल मुंबईहून आलेलं असतं, हे घरच्यांच्या लक्षातही नसतं.

कागद मात्र रोमहून येतात. त्यातला सगळ्यात कामाचा कागद १६ जानेवारी १९८८चा. पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या, सणांची तयारी आणि साजरीकरण यांविषयीचं हे परिपत्रक आहे आणि त्याचा सूर थोडा वैतागलेला आहे. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीचा जागरणाचा विधी रात्र पडल्यावरच सुरू करा आणि पहाट व्हायच्या आत संपवा, असं त्यात ठणकावलंय. हे ठणकावण्यामागे इतिहास आहे. १९५५च्या सुधारणेआधी कित्येक शतकं हा रात्रीचा विधी शनिवारी सकाळीच उरकला जाई. बाहेर लख्ख ऊन, आत मेणबत्ती पेटवून अंधारात प्रकाश आल्याची घोषणा. सुधारणा झाली, पण सोयीची सवय सहजी जात नाही. संध्याकाळच्या नेहमीच्या मिस्साच्या वेळी जागरण उरकून टाकायचा मोह अजूनही होतोच.

त्या रात्रीची मेणबत्ती जवळून बघण्यासारखी असते. चांगली जाडजूड. धर्मगुरू तिच्यावर टोकदार अवजाराने क्रूस कोरतो, वर ग्रीक वर्णमालेचं पहिलं अक्षर, खाली शेवटचं, आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. मग पाच जखमांच्या खुणा म्हणून धुपाचे पाच खडे टोचतात. विधी हजारो वर्षांच्या आठवणीचा, पण मेणबत्तीवर साल मात्र आजचं. जुन्या गोष्टीवर आजची तारीख घालण्याची ही रीत मला प्रवचनापेक्षा जास्त बोलकी वाटते.

त्याच परिपत्रकात एक कलम लहान धर्मग्रामांविषयी आहे. जिथे माणसं आणि सेवक इतके थोडे आहेत की विधी शोभेसा होणार नाही, तिथल्या लोकांनी मोठ्या देवळात एकत्र जमावं, असा सल्ला. रोमच्या टेबलावर तो रास्त दिसतो. पण किनाऱ्यावरच्या लहान वस्तीला सणाच्या रात्री दुसऱ्या गावी जा म्हणणं म्हणजे गणपती शेजारच्या आळीत बसवा म्हणण्यासारखं. शिवाय रात्री एसटी नसते. मला वाटतं, हे कलम वाचून धर्मगुरूने क्षणभर थांबावं, आणि आपल्याकडची वीस माणसंच नीट गातील असं आधी बघावं.

प्रवचनाच्या बाबतीत हल्ली बरीच मदत झालीय. वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. चक्राच्या पहिल्या वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी विहिरीवरची शोमरोनी बाई, चौथ्याला जन्मांध माणूस, पाचव्याला लाजरस. २०१५ साली रोमने प्रवचनाची सविस्तर मार्गदर्शिका काढली, तिच्यात या एकेका रविवारी काय बोलता येईल ते सुचवलंय. त्याच्या दोन वर्षं आधी पोप फ्रान्सिस यांनी आपल्या पत्रात प्रवचनावर पानंच्या पानं लिहिली: आटोपशीर बोला, आणि तयारीला वेळ द्या, तयारी न करता उभं राहणं म्हणजे अप्रामाणिकपणा, अशा अर्थाचं. पण विहिरीवरच्या बाईचा उतारा मार्चमध्ये कोकणात वाचायचा तर मार्गदर्शिकेची गरज कितीशी? भर दुपारी एकटीने पाण्याला आलेली बाई. का एकटी, का दुपारी, हे मागच्या बाकावरच्या बायकांना फादरांच्या आधी कळतं.

उपासाचं सांगणं जास्त अवघड. नियम तसा सौम्य: राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपास, म्हणजे एकच पूर्ण जेवण, तोही अठरा ते एकोणसाठ वयाच्यांना. शुक्रवारी मांस वर्ज्य. पण मासळी चालते! हा नियम जिथे मांस महाग आणि मासा म्हणजे गरिबाचं खाणं होतं तिथे सुचला. कोर्लईच्या बंदरात उतरलेली ताजी पापलेटं पाहिली की शुक्रवारचं प्रायश्चित्त नेमकं कुठे बसवायचं हा प्रश्न पडतो. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी देशोदेशीच्या बिशपांना मुभा दिली, की मांसाऐवजी दुसरा संयम, दानधर्म, प्रार्थना ठरवा. म्हणजे प्रश्न परत गावाच्या धर्मगुरूकडेच आला. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर शेंगदाण्याचं कूट पेरणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर हसू नये.

भाषेचा मामला त्याहून जुना आहे. इंग्लंडातून आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स याने १६१६ साली गोव्यात राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, रोमन लिपीत. त्या पुराणाची सुरुवातच एका तक्रारीने होते. साष्टीत रविवारी दुपारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकजण उठून विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. पुढचं सगळं पुराण हे त्या प्रश्नाचं उत्तर. पुढे १६५९ साली फ्रान्सिस्को व्हाझ द गिमाराइश या धर्मगुरूने येशूच्या दुःखसहनाचं पुराण उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत रचलं. ते लिस्बनला छापलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा निघालं. उपवासकाळात म्हणायचं पुराण ते. मार्गदर्शिका नव्हत्या तेव्हा मार्गदर्शन ओवीतून होत असे.

कोर्लईत तर सगळाच गुंता. मिस्सा लॅटिनमध्ये, पाद्री गोव्याकडचे, प्रार्थना पोर्तुगीजमध्ये आणि घरी नोलिंग, असा प्रकार साधारण १९६०च्या दशकापर्यंत चालला. ४ डिसेंबर १९६३ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडलं. लोकभाषा म्हणजे इथे मराठी ठरली. शाळेचीही तीच. जुन्या माणसांना पाठ असलेली पोर्तुगीज प्रार्थना गेली आणि बोलीला पोर्तुगीजचा आधार राहिला नाही. मराठीने गाव जवळ आणलं यात शंका नाही, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’सारखं काम हाताशी असताना मराठीत सण साजरा करण्यात कमीपणाही नाही. पण ‘लोकांची भाषा’ ठरवताना कोर्लईची चूल कोणत्या भाषेत बोलते हे रोममध्ये कोणाला ठाऊक असणार? २००१च्या लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शिकेने लोकांच्या भक्तिरीतींना तुच्छ लेखू नका असं बजावलंय. कोर्लईत मरिया मादुलेनावर नोलिंगमधलं जुनं गाणं आहे. रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती हिनेच. पास्काच्या पहाटेला याहून योग्य गाणं शोधून सापडणार नाही.

मार्गदर्शक बाहेरून येतो आणि गावाकडे आपली नावं आधीच असतात. हे फक्त ख्रिस्ती देवळातच घडतं असं नाही. याच किनाऱ्यावर बेने इस्रायल हे ज्यू लोक राहत होते, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरा. ग्रंथ बुडाले, धर्मगुरू कोणी नाही, तरी सण टिकले. पण कोकणी नावांनी! प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा ‘बिरड्याचा सण’, कारण मोड आलेल्या वालांची आमटी खायची. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’, कारण दोन्ही फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास. आणि वल्हांडण? ‘अनाशी ढाकाचा सण’. आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचं आणि आठ दिवस उघडायचं नाही. का झाकायचं ते विसरलं गेलं होतं. आंबवलेलं घरात नको एवढी आठवण त्या झाकणाखाली जपली गेली. हे सगळं हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं म्हणून आपल्याला वाचायला मिळतं.

मग शिकवणारे आले. परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाच्या पाहुण्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतले तीन तरुण निवडून तयार केले. ते समाजाचे काजी झाले. एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू शिक्षक आले. गंमत म्हणजे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू धर्मांतराचा, पण बेने इस्रायलांनी हिब्रू शिकून घेतली आणि आपल्या प्रार्थना नीट म्हणू लागले. १८४८ साली अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग उभं राहिलं. १८७४मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह निघाली. तिच्यातल्या चित्रात नऊवारीतल्या बायका खाली बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. शिक्षकांनी विधी दुरुस्त केला, पण पाटा-पोळपाट आणि काष्टा तसाच राहू दिला. चांगल्या मार्गदर्शनाचं यापेक्षा नेटकं चित्र मी पाहिलेलं नाही.

पास्का आणि वल्हांडण, दोन्ही सण चंद्राला बांधलेले. पास्काचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही. २०२६चंच घ्या: १ एप्रिलच्या संध्याकाळी वल्हांडण, २ तारखेला आज्ञा गुरुवार आणि त्याच दिवशी हनुमान जयंती. एकाच चंद्राखाली तिघांची गडबड. त्या गुरुवारी ग्लोरियाला घंटा वाजते आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुकी होते. तोवर लाकडी फळ्यांची कटकट. २०१६पासून पाय धुवायच्या बाराजणांत बायकाही बसू शकतात. हा निरोप किती देवळांत पोचला आणि किती ठिकाणी नुसताच फायलीत लागला, हा वेगळा विषय.

पास्का संपला की कोर्लईच्या धर्मगुरूला दम खायला फार वेळ नसतो. माउंट कार्मेल मातेचा दिवस १६ जुलै. त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना, म्हणजे ७ तारखेपासून सुरुवात. आषाढाचा पाऊस, खाडीला उधाण, आणि खाचरांत भाताची लावणी ऐन भरात. गावातली माणसं चिखलातून पाय धुऊन देवळात येईपर्यंत दिवस बुडालेला असतो. नोव्हेना साडेपाचला ठेवायची की साडेसातला, याबद्दल रोमच्या कुठल्याही परिपत्रकात एक ओळ नाही.