अस्थींवरचे दप्तर

चीनमधील हनान प्रांतात आनयांग नगराजवळ श्यावथुन नावाचे खेडे आहे. तेथील शेतात सापडणारी जुनी हाडे ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून औषधविक्रेत्यांकडे जात व कुटून रोग्यांच्या पोटात जात. त्यांतील काहींवर कोरलेली लिपी १८९९ साली वांग यीरोंग या विद्वानाने ओळखली नसती, तर शांग राजघराण्याचे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे आणखी किती दप्तर अशा रीतीने नष्ट झाले असते, या विचाराने मन अस्वस्थ होते.

हे दप्तर म्हणजे राजांसाठी पाहिलेल्या शकुनांच्या नोंदी होत, आणि शकुन पाहण्याचा तो विधी मोठा काटेकोर असे. बैलाच्या खांद्याचे रुंद हाड किंवा कासवाच्या पोटाकडील कवच घासून गुळगुळीत करीत, त्याच्या मागील बाजूस ओळीने खळगे कोरीत आणि त्या खळग्यांत तप्त वस्तू टेकवून पुढील बाजूस तडे पाडीत: एक उभा, आणि त्यातून फुटलेला एक आडवा. पाऊस, पीक, स्वारी, पितरांना द्यायचे बळी, इतकेच काय, राजाचा दुखरा दात, सारे काही अस्थींना विचारले जाई. आणि पुष्कळदा एकच प्रश्न ‘होईल’ व ‘होणार नाही’ अशा दोन्ही अंगांनी मांडला जाई. तड्यांचा अर्थ अनेकदा स्वतः राजाच सांगे. नंतर तिथी, शकुन पाहणाऱ्याचे नाव, प्रश्न आणि कधीकधी राजाचे भाकीत व प्रत्यक्ष घडलेली गोष्टही हाडावर कोरली जाई.

या शेवटच्या नोंदीचे मोल मला सर्वाधिक वाटते. वू दिंग या शांग राजाची राणी फू हाव गरोदर असताना राजाने तडे पाहून सांगितले, की दिंग नावाच्या दिवशी प्रसूती झाल्यास शुभ, गंग नावाच्या दिवशी झाल्यास अतिशुभ. आणि खाली नोंद आहे, की एकतीस दिवसांनी, जियायिन नावाच्या दिवशी, ती प्रसूत झाली, शुभ झाले नाही, मुलगी झाली. ज्या दरबाराने कन्याजन्म असा अशुभ लेखला, त्याच दरबाराच्या अस्थी सांगतात की ही राणी सैन्य घेऊन स्वाऱ्यांवर जात असे. १९७६ मध्ये तिची अभंग कबर सापडली, तेव्हा आत तिचे नाव कोरलेल्या कांस्याच्या युद्धकुऱ्हाडी होत्या.

१९३६ मध्ये एकाच खड्ड्यातून असे कोरलेले सतरा हजारांवर तुकडे निघाले. त्याआधीच, १९१७ मध्ये, वांग ग्वोवेई यांनी अस्थींवरील राजांची नावे इतिहासकार सिमा च्येन याच्या वंशावळीशी ताडून पाहिली होती. त्या राजांनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेली, अनेकांनी कल्पित ठरविलेली ती वंशावळ बहुतांशी खरी निघाली.