वजाबाकीतून उरलेली आकाशगंगा

गॅमा किरणांचा वर्णपट पडद्यावर उघडला की आधी दिसतो तो यानाचाच गोंगाट. अवकाशातले वेगवान कण 'इंटिग्रल' या गॅमा किरण टिपणाऱ्या यानाच्या सांगाड्यावर आदळायचे, त्यातले धातू किरणोत्सारी व्हायचे आणि तेही गॅमा किरण सोडू लागायचे. आम्हांला हवी असते १८०९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची एकच रेषा, ताऱ्यांच्या पोटात घडलेल्या ॲल्युमिनियम-२६ची. गोंगाटाच्या मानाने ती जेमतेम शंभरात एक. त्यामुळे नकाशा काढणं कमी, वजाबाकीच जास्त.

हे किरण साध्या भिंगाने एकवटत नाहीत. म्हणून यानात वर टंगस्टनच्या तीन सेंटिमीटर जाड ठोकळ्यांची जाळी होती आणि खाली जर्मेनियमचे १९ शोधक. कुणावर किती सावली पडली, त्यावरून किरणांची दिशा काढायची. पण एका रोखात १९च आकडे मिळायचे. त्यांत आकाश मावायचं नाही. मग यान दोन-दोन अंशांनी सरकवत राहायचं. आकाश बदलायचं, गोंगाट फारसा बदलायचा नाही, एवढ्याच फरकावर सगळा हिशेब.

शोधकही कुरकुरायचे. कणांच्या माऱ्याने त्यांचा स्फटिक बिघडायचा, रेषा एका बाजूला ओघळायची. एरवी उणे १९० अंशांच्या आसपास ठेवलेले शोधक मग शंभरेक अंशांपर्यंत तापवून पूर्ववत करायचे. वर्षातून साधारण दोनदा हा सोपस्कार व्हायचा, आणि तेवढे दिवस निरीक्षण बंद.

या रेषेचा पहिला आकाशव्यापी नकाशा १९९०च्या दशकात 'कॉम्पटेल' या आधीच्या गॅमा किरण दुर्बिणीने दिला. देखणा आहे, पण त्यातल्या काही गाठी गणितानेच पाडलेल्या. हंस तारकासमूहातला डाग खरा. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून 'इथे तारा फुटला' असं मात्र म्हणू नये.

मला नकाशापेक्षा रेषेचं सरकणं अधिक भरवशाचं वाटतं. आकाशगंगा फिरते, म्हणून केंद्राच्या एका बाजूला रेषेची ऊर्जा किंचित वाढते, दुसऱ्या बाजूला घटते. २००६मध्ये रोलँड डील आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. म्हणजे हे ॲल्युमिनियम आपल्या शेजारचं नाही, पार आतल्या भागातलं. एकूण सुमारे २.८ सूर्यांएवढं. त्यावरून शतकाला साधारण दोन अतिनवतारे.

'इंटिग्रल'ची निरीक्षणं फेब्रुवारी २०२५मध्ये थांबली. हिशेब चालूच आहे. खरी डोकेदुखी ताऱ्यांतच घडणाऱ्या लोह-६०ची. त्याच्या रेषा, ११७३ आणि १३३२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, प्रत्यक्षात त्याच्या क्षयातून बनणाऱ्या कोबाल्ट-६०च्या. यानात तोच कोबाल्ट वर्षानुवर्षं साठत गेला. लोहाचा विश्वासार्ह नकाशा म्हणूनच अजून हाती नाही.