सोळा विरुद्ध नऊ

बुद्धिबळाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की दोन्हीकडे सोंगट्या सारख्या असतील तरच डाव न्यायाचा, हे आपण न तपासताच धरून चालतो. व्हायकिंगांच्या काळात उत्तर युरोपात रुजलेल्या ह्नेफाताफ्ल या खेळाने ही समजूत केव्हाच खोटी पाडली होती. त्यात पटाच्या मधोमध राजा आणि भोवती त्याचे मोजके रक्षक असतात. कडेने वेढा घालून बसलेले शत्रू त्यांच्या दुप्पट. हा खेळ तिकडच्या दंतकथांत खोल मुरलेला आहे. आइसलँडच्या जुन्या काव्यात जगाच्या आरंभी देव अशाच पटावर खेळताना दिसतात आणि जगबुडीनंतर गवतात त्यांना सोन्याच्या सोंगट्या पुन्हा सापडतात. हेरवोरच्या कथेत तर वेष पालटून आलेला ओडिन हाइद्रेक राजाला या खेळावरच कोडं घालतो: धन्याभोवती शस्त्रांवाचून लढणाऱ्या, त्यांतल्या काही राखणाऱ्या आणि काही चाल करून जाणाऱ्या, त्या कोण? कोड्याचा भर सोंगट्यांच्या संख्येवर नाही, त्यांच्या कामावर आहे. माझ्या मते खेळाचं मर्म तिथेच आहे.

या खेळाचे नियम आपल्यापर्यंत आले ते एका वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. कार्ल लिनियस १७३२ मध्ये लॅपलँडमध्ये हिंडत असताना तिथल्या सामी लोकांचा ‘ताब्लुत’ त्याने रोजनिशीत उतरवून घेतला. पट नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ घरांचा. राजा आणि त्याचे आठ स्वीड एका बाजूला, १६ मॉस्कोवासी दुसऱ्या बाजूला. सगळ्यांची चाल आपल्या बुद्धिबळातल्या हत्तीसारखी सरळ. शत्रूची सोंगटी दोन समोरासमोरच्या बाजूंनी चिमटीत धरली की ती मेली. राजाने पटाची कड गाठली की तो जिंकला. तो पकडला गेला की वेढा घालणारे जिंकले. राजाला कडेपर्यंत एक वाट मोकळी दिसली की त्याच्या खेळाडूने ‘राइची’ म्हणून इशारा द्यायचा, दोन दिसल्या तर ‘तुइचू’. राइची ऐकल्यावर समोरच्याला ती वाट बुजवण्याची संधी असते. तुइचूवर मात्र इलाज नाही, कारण एका चालीत दोन वाटा बुजवता येत नाहीत. सोळा सोंगट्या हाताशी असून उपयोग नसतो, चाल एकच मिळते. कमी माणसांच्या राजाचं बळ यात आहे: त्याला कोणाला मारायचं नाही, फक्त निसटायचं आहे. साधनं विषम असली तरी उद्दिष्टंही तितकीच वेगळी ठेवली, तर पारडं सावरतं.

यावर कोणी म्हणेल, हे सावरणं कागदावरचं आहे. प्रत्यक्षात राजाच जिंकतो, असा या खेळाचा लौकिक होता. लौकिक खरा होता, पण त्याचं मूळ भाषांतरात आहे. लिनियसची रोजनिशी इंग्रजीत १८११ साली लंडनमध्ये छापली गेली. त्या भाषांतरात, राजाला धरायला नेहमीच चारही बाजू अडवाव्या लागतात, असा अर्थ उतरला. मूळ नियम निराळा होता. राजा मधल्या सिंहासनावर असेल तर चार बाजू, त्याच्या लगतच्या घरात असेल तर तीन. आणि एकदा तो उघड्यावर आला की इतर सोंगट्यांसारखाच दोघांच्या चिमटीत सापडतो. इंग्रजी नियमातला राजा जवळजवळ अजिंक्य झाला आणि बुद्धिबळाचा इतिहास लिहिणाऱ्या मरीसारख्या जाणकारानेही १९१३ मध्ये त्याच इंग्रजी पाठावर विसंबून नियम दिले. पुढे लोक डाव बरोबरीचा करण्यासाठी नवनवे नियम शोधत बसले. विषम खेळातला समतोल किती नाजूक असतो, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. पण नाजूक म्हणजे खोटा नव्हे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा: खेळ इतका चांगला, तर बुद्धिबळाने त्याला हटवलं कसं? बुद्धिबळ दरबारांची आणि सरदारांची प्रतिष्ठा घेऊन आलं, हे विसरून चालणार नाही. शिवाय हा खेळ लगेच संपलाही नाही. वेल्समध्ये १५८७ च्या एका हस्तलिखितात त्याचा अकरा बाय अकराचा प्रकार नोंदलेला आहे, राजाकडे १२ आणि समोर २४ सोंगट्यांचा. लॅपलँडमध्ये तर तो लिनियसच्या काळापर्यंत टिकला. आणि समान सोंगट्यांचं बुद्धिबळ तरी पुरतं समान कुठे आहे? पहिली चाल पांढऱ्याची, म्हणून तर स्पर्धेत रंग आलटूनपालटून देतात. ताब्लुतमध्येही तेच करावं: एक डाव राजाचा, एक वेढ्याचा. बुद्धिबळात रंग बदलला तरी विचाराची रीत तीच राहते; इथे मात्र आधीच्या डावात ज्या फटी शोधत होतो, त्याच पुढच्या डावात बुजवायच्या असतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडच्या वाघ-बकरीत मोजके वाघ आणि बकऱ्यांचा कळप असतो. नेपाळच्या बाघचालमध्ये चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. वाघाला बकऱ्यांइतकीच संख्या द्या, अशी मागणी त्या पटावर बसलेलं पोरही करत नाही.