‘सक्तीने’ हा एक शब्द

लंडन : इथल्या ओल्ड बेली न्यायालयाने ५ मे २०२३ रोजी नायजेरियाच्या सिनेटचे माजी उपाध्यक्ष आयके एक्वेरेमाडू यांना ९ वर्षं ८ महिने, त्यांच्या पत्नीला ४ वर्षं ६ महिने आणि मध्यस्थी करणाऱ्या डॉ. ओबिन्ना ओबेटा यांना १० वर्षं तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. आजारी मुलीसाठी लागोसहून एका गरीब तरुणाला मूत्रपिंड काढून घ्यायला लंडनला आणलं, हा गुन्हा. विलायतेतला कायदा कडक आणि आपला बोथट, असा अर्थ यातून काढणं सोपं आहे, पण तो खरा नाही. अवयवांच्या खरेदी-विक्रीला इथल्या २००४ च्या कायद्यात जास्तीत जास्त ३ वर्षांची कैद आहे. आपल्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात किमान ५ आणि कमाल १० वर्षं, वर २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. कागदावर आपण ब्रिटनच्या कितीतरी पुढे आहोत. तरीही एका सत्ताधीशाला तुरुंगात धाडणारा खटला इथे वर्षभरात उभा राहतो आणि निकाली निघतो, आणि आपल्याकडे किडनीच्या प्रकरणांची नावं तेवढी लक्षात राहतात, निकाल आठवत नाहीत. फरक शिक्षेच्या आकड्यात नाही. कायदा गुन्हा नेमका कशाला म्हणतो आणि गुन्हेगार कुणाला म्हणतो, तिथे तो आहे.

लंडनच्या खटल्यात मूत्रपिंड काढलंच गेलं नव्हतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. रस्त्यावर किरकोळ विक्री करून पोट भरणारा तो तरुण मुलीचा नातलग म्हणून रॉयल फ्री रुग्णालयात उभा केला गेला. तिथल्या डॉक्टरांनी तो दाता म्हणून योग्य नाही असं ठरवून शस्त्रक्रिया नाकारली. त्यानंतर तो मुक्कामाच्या घरातून निसटला, काही रात्री उघड्यावर काढल्या आणि मे २०२२ मध्ये स्टेन्सच्या पोलीस ठाण्यात जाऊन मदत मागितली. त्याच्या अंगावर एक टाकाही पडलेला नव्हता. पण गुन्हा पूर्ण झाला होता, कारण खटला अवयव कायद्याखाली चाललाच नाही. तो चालला आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याखाली. २०१५ च्या या कायद्यात शोषणाच्या हेतूने एखाद्याच्या प्रवासाची व्यवस्था करणं हाच गुन्हा आहे, अवयव काढणं हा त्या शोषणाचा एक प्रकार आहे आणि कमाल शिक्षा जन्मठेपेची आहे. तरुण राजीखुशीने आला होता, हा बचाव या कायद्यापुढे टिकत नाही. प्रवास करणाऱ्याची संमती होती की नव्हती याने फरक पडत नाही, असं कलमच सांगतं. शोषण झालेल्या माणसाकडून त्या शोषणापोटी घडलेल्या कृत्याबद्दल त्याला बचाव मिळावा, अशीही तरतूद याच कायद्यात आहे. त्यामुळे ठाण्याच्या दारातून आत गेलेला तो तरुण आरोपी म्हणून बसवला गेला नाही. तो साक्षीदार झाला, आणि तो झाला म्हणून खटला झाला.

हा विचार ब्रिटनने एकट्याने शोधलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलने माणसांच्या व्यापाराची व्याख्या केली, तेव्हा शोषणाच्या यादीत ‘अवयव काढून घेणे’ हे शब्द घातले. साधनांच्या यादीत बळजबरी आणि फसवणुकीबरोबर माणसाच्या असहायतेचा फायदा घेणंही घातलं, आणि ही साधनं वापरली असतील तर संमतीला अर्थ उरत नाही असं स्पष्ट केलं. पुढे युरोपच्या परिषदेने केवळ अवयवांच्या व्यापारासाठी वेगळा करार केला. २०१५ मध्ये स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला इथे तो सह्यांसाठी खुला झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यात पैशासाठी अवयव काढणं, त्यासाठी दाते गोळा करणं, डॉक्टरला लाच देणं हे सगळे गुन्हे आहेत. दात्यावर खटला भरायचा की नाही, एवढा एक प्रश्न मात्र त्या करारानेही ज्या त्या देशावर सोडला आहे. इथल्या कायदेपंडितांच्या वादात सर्वांत जास्त शाई याच प्रश्नावर खर्च होते, आणि ते योग्यच आहे, कारण सगळ्याची किल्ली तिथे आहे.

योगायोग असा, की त्याच मे २०२२ मध्ये पुण्यात एक प्रकरण उघड झालं. पश्चिम महाराष्ट्रातल्या, पैशांची नड असलेल्या एका स्त्रीला १५ लाखांचं आमिष दाखवलं गेलं, रुग्णाची पत्नी म्हणून तिची कागदपत्रं तयार झाली आणि दोन कुटुंबांमधल्या अदलाबदलीच्या प्रत्यारोपणात तिचं मूत्रपिंड काढलं गेलं. ठरलेले पैसे मिळाले नाहीत, तेव्हा तिनेच तोंड उघडलं. लागोसच्या तरुणाची आणि या स्त्रीची कहाणी जवळपास एकच आहे : गरज, मध्यस्थ, खोटं नातं. तो चुलतभाऊ झाला, ती बायको झाली. पण तिने तोंड उघडल्यावर जो गुन्हा नोंदला गेला, त्यात आरोपींच्या यादीत तिचंही नाव आलं. कायद्याच्या अक्षराप्रमाणे यात चूक काहीच नाही. आपल्या कलमात पैसे देणारा आणि घेणारा एकाच ओळीत, एकाच शिक्षेला पात्र आहेत. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यातही ते एकाच ओळीत आहेत, पण तिथे त्या ओळीच्या वर गुलामगिरीविरोधी कायदा उभा आहे. आपल्याकडे तसं वर काही नाही. दलालाला धमकी द्यायची गरजही पडत नाही. ‘तक्रार केलीस तर तूच आत जाशील’ हे त्याचं वाक्य खरं आहे, आणि त्याचा धंदा त्या खरेपणावर चालतो.

वर काही नाही, हे मात्र अर्धसत्य आहे, आणि माझी चिडचिड त्या अर्ध्यावर आहे. भारताने पालेर्मो प्रोटोकॉल २०११ मध्ये मान्य केला. २०१३ मध्ये भारतीय दंडविधानाचं कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं, आणि तेच आता भारतीय न्याय संहितेत कलम १४३ म्हणून आलं आहे. पैशाचं प्रलोभन हे त्यात गुन्ह्याचं साधन मानलं आहे. पीडिताची संमती गैरलागू आहे असंही त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मग शोषणाच्या व्याख्येत शब्द येतात : ‘सक्तीने अवयव काढणे’. पालेर्मोच्या मसुद्यात नसलेला ‘सक्तीने’ हा शब्द आपण घातला, आणि संमती गैरलागू आहे असं म्हणणाऱ्या वाक्यातला जीव काढून घेतला. ज्याने कर्जापोटी अंगठा उमटवला, त्याच्यावर सक्ती झाली हे कुठलं न्यायालय कसं ठरवणार? असहायतेचा फायदा घेणं हे साधनही पालेर्मोमधून आपल्याकडे येताना गळालं. दुसरी गाठ प्रत्यारोपण कायद्याच्या कलम २२ ची. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय समुचित प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे व्यवहारात आरोग्य खात्याच्या, तक्रारीवरच घेऊ शकतं, किंवा ६० दिवसांची नोटीस देऊन तक्रार करणाऱ्याच्या. गुरगावच्या किडनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये हेच सांगितलं की इथे पोलिसांचं नेहमीचं आरोपपत्र चालत नाही, तक्रारच हवी. म्हणजे प्रत्यारोपणाला परवानगी देणारी आणि ती चुकली म्हणून तक्रार करणारी यंत्रणा एकाच खात्याच्या छत्राखाली. स्वतःच्या सहीविरुद्ध तक्रार करायला लागणारं धैर्य आपण कायद्याने गृहीत धरलं आहे.

पैसे घेणाऱ्याला मोकळं सोडलं, तर तो आधी पैसे घेईल, मग पोलिसांत जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो हलका नाही. पण इथलं संरक्षण सरसकट माफी नाही. शोषण झालं होतं का, वाजवी माणसाने त्या परिस्थितीत तेच केलं असतं का, हे तपासलं जातं. आपल्याकडे माफीच्या साक्षीदाराची वाट आहे, पण तो हक्क नाही, मेहेरबानी आहे, आणि ती मिळेपर्यंत माणूस आरोपीच असतो. दुसरा आक्षेप जास्त मानवी आहे : एक बाप मुलीचा जीव वाचवत होता, त्याला गुलामांचा व्यापारी कसं म्हणायचं? नायजेरियातल्या लोकप्रतिनिधींनी दयेसाठी न्यायालयाला पत्रं लिहिली, ती याच भावनेतून. मुलीला ज्यूरीने निर्दोष ठरवलं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. पण बापाचं प्रेम खरं असलं, तरी त्या प्रेमाची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाने शरीरातून मोजायची होती, आणि नातं खोटं सांगावं लागलं याचा अर्थ ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसरा आक्षेप बाजारवाद्यांचा. विक्री कायदेशीर करा, गरिबाला चार पैसे मिळतील, दलाल संपेल. याचं उत्तर आपल्याच मातीतून, चेन्नईतून, फार पूर्वी आलेलं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांना गाठून विचारलं गेलं होतं. ९६ टक्के लोकांनी ते कर्ज फेडायला विकलं होतं. विक्रीनंतर कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलं होतं, जवळपास तीन चतुर्थांश लोक अजूनही कर्जात होते आणि ८६ टक्के लोकांनी प्रकृती खालावल्याचं सांगितलं. अंगमेहनतीवर जगणाऱ्याचं शरीर हेच त्याचं भांडवल असतं. ते मोडून फेडलेलं कर्ज परत उभं राहतं.

ब्रिटनचं सगळं बरं चाललंय असं मात्र कुणी समजू नये. १९८९ मध्ये लंडनच्या एका खाजगी रुग्णालयात गरीब तुर्की माणसांची मूत्रपिंडं विकत घेऊन बसवल्याचं उघड झालं, आणि त्या लाजेतून त्याच वर्षी इथला पहिला कायदा झाला. ओबेटा यांचं स्वतःचं प्रत्यारोपणही २०२१ मध्ये याच शहरात, खोटा चुलतभाऊ पुढे करून पार पडलं होतं. म्हणजे तशीच खोटी कागदपत्रं एकदा चालून गेली होती. इथे प्रत्येक जिवंत दात्याची, मग तो सख्खा भाऊ का असेना, स्वतंत्र निरीक्षक त्याला एकट्याला बसवून मुलाखत घेतो, आणि तरीही फसवणूक होते. मला हेवा वाटतो तो दात्याच्या त्या एकट्याच्या मुलाखतीचाच. आपल्याकडे जवळचं नातं सिद्ध झालं की संशय संपतो. जिवंत दात्यांमध्ये बायकांचीच संख्या मोठी असलेल्या देशात सून किंवा पत्नी एकटी बसून ‘मला द्यायचं नाही’ असं कुणाला सांगणार, हा प्रश्न व्यवहारात फारसा विचारला जात नाही. दुसरा हेवा मरणोत्तर दानाचा. पावणेसात कोटींच्या या देशात वर्षाला मरणोत्तर दाते दीड हजाराच्या आसपास असतात. १४० कोटींच्या आपल्या देशात २०२३ मध्ये ते १०९९ होते. उरलेली सगळी गरज जिवंत माणसांच्या शरीरावर येऊन पडते, आणि दलाल तिथे उभा असतो.

आरोग्य हा राज्यांचा विषय. म्हणून १९९४ चा कायदा संसदेने केला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मागितला तेव्हा. कलम २२ ची दुरुस्ती आणि दात्याच्या बचावाची तरतूद याच वाटेने, मुंबई आणि पणजीतून पुन्हा ठराव करून मागता येईल. न्याय संहितेतला ‘सक्तीने’ हा शब्द काढायला तर ठरावाचीही गरज नाही, तो संसदेचाच अधिकार आहे.